उसनं वैर

मी लिव्हरपूलला कधी गेलेलो नाही. मँचेस्टरलाही नाही. पासपोर्टवर एकच शिक्का आहे, सिंगापूरचा, तोही ऑफिसच्या कामासाठी गेलो होतो त्याचा. तरीही वयाच्या अकराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत मी लिव्हरपूल नावाच्या शहराचा मनापासून द्वेष केला. तिथली माणसं रडकी, तिथली भाषा गावठी, तिथली टीम भूतकाळात जगणारी, असं मी बोरिवली पश्चिमेच्या एका वन-बीएचकेत बसून ठामपणे सांगायचो. तिथला एकही माणूस मला भेटलेला नव्हता.

याची सुरुवात २१ मे २००८च्या रात्री झाली. मॉस्कोला चॅम्पियन्स लीगची फायनल होती, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध चेल्सी. चौथ्या मजल्यावरच्या दादाकडे बिल्डिंगमधली पोरं जमली होती. मला फुटबॉल काडीचा कळत नव्हता, पण रात्री उशिरापर्यंत जागायला मिळतंय म्हणून गेलो. पेनल्टी मारताना पावसात जॉन टेरीचा पाय घसरला आणि खोलीत जो कल्ला झाला, त्यात मी कायमचा युनायटेडचा झालो. पुढच्या दिवाळीत दादाने त्याची आखूड झालेली जर्सी मला दिली.

माझा कॉलेजमधला मित्र मुलुंडचा. त्याला आपण मुलुंडकर म्हणू, आम्हीही तेच म्हणायचो. त्याच्याकडे लिव्हरपूलची जर्सी होती, पाठीवर जेरार्डचं नाव, तीही मावसभावाची जुनी. थोडक्यात, दोघांचाही धर्म जुन्या कपड्यांतून आला होता.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज अंधेरीला. २०१४ साली आम्ही प्रवेश घेतला त्याच जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. ती नसती, तर सेंट्रलवाल्या मुलुंडकराने अंधेरीचं कॉलेज घेतलंच नसतं आणि आमची ओळख झाली नसती. बाकी सगळं जग वेस्टर्न आणि सेंट्रल असं वाटलेलं. आमच्या वर्गात त्यावर आणखी एक फाळणी होती, युनायटेड आणि लिव्हरपूल. मध्ये काही चेल्सी, काही आर्सेनल. सिटीचे दोघेच, आणि त्यांना कोणी विचारत नसे. व्हॉट्सॲप ग्रूपचं नाव दर आठवड्याला जिंकणाऱ्याने बदलायचं, असा नियम होता.

मॅच बघायचो ती मात्र बहुतेक वेळा मुलुंडकराकडे. त्यांच्याकडे टीव्ही मोठा होता आणि काका, म्हणजे त्याचे बाबा, आम्हाला कधी हाकलायचे नाहीत. ते परळच्या पलीकडे एल्फिन्स्टन रोडला एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला होते. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच माहीत होतं की लाल विरुद्ध लाल असेल तर पोरं जास्त ओरडतात. हाफटाइमला ते स्वतः चहा करून आणायचे आणि विचारायचे, "कोण हरतंय? त्याला साखर जास्त."

या वैराचा इतिहास मी खूप नंतर वाचला. तेव्हा वाचला असता, तर निदान लाज थोडी लवकर वाटली असती. इंग्लंडमधल्या क्लबांची वैरं ही मुळात शेजाऱ्यांची भांडणं आहेत. एव्हर्टन आणि लिव्हरपूल हे तर मालक-भाडेकरूचं भांडण. एव्हर्टन १८८४ पासून ॲनफिल्डच्या मैदानावर खेळायचा. जॉन हाऊल्डिंग नावाच्या बिअरवाल्याशी भाड्यावरून खटका उडाला आणि १८९२ साली क्लब बाडबिस्तरा घेऊन स्टॅन्ली पार्क नावाच्या बागेच्या पलीकडे गुडिसनला गेला. हाऊल्डिंगकडे मैदान उरलं आणि टीम नाही. म्हणून त्याने नवी टीम काढली. तोच लिव्हरपूल. दोन मैदानांमध्ये मैलभरही अंतर नव्हतं. आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीचे दोन गणपती होतात, तसंच हे.

मँचेस्टर आणि लिव्हरपूलचं भांडण पैशाचं. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरायचा आणि बंदर त्याचा कर घ्यायचं. मँचेस्टरवाल्यांनी शेवटी समुद्रापासून थेट आपल्या शहरापर्यंत ५८ किलोमीटरचा कालवा खणला, जहाजं लिव्हरपूलला टाळून आत यावीत म्हणून. १८९४ साली तो सुरू झाला. युनायटेडच्या बोधचिन्हावर जे जहाज आहे ते शहराच्या त्याच व्यापाराचं. मी ते जहाज छातीवर घेऊन नऊ वर्षं फिरलो आणि ते तिथे का आहे, हे एकदाही विचारलं नाही.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हा मुंबईतून लिव्हरपूलला कापूस जायचा आणि तिथून मँचेस्टरला. त्या पैशाने मुंबई फुगली. पुढे इथेच गिरण्या निघाल्या आणि मँचेस्टरच्या कापडाशी टक्कर घेऊ लागल्या. म्हणजे वैर करायचंच होतं, तर माझ्या घराण्याला मँचेस्टरशी करायला खरं कारण होतं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तो आजोबांसाठी कधी संपलाच नाही. चाळीतली खोली विकून ते बोरिवलीला आले. त्यांचा नातू मँचेस्टरचा झेंडा भिंतीला लावून बसला आणि आजोबा त्याला काही बोलले नाहीत. त्यांना वाटायचं, ती कुठल्या तरी टूथपेस्टची जाहिरात आहे.

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ मी तो टाळत होतो.

९ सप्टेंबर २०१७, शनिवार. आम्ही शेवटच्या वर्षाला. मँचेस्टर सिटीने लिव्हरपूलला ५-० हरवलं. सिटी आमची नव्हती, पण लिव्हरपूल हरल्याचा आनंद पुरेसा होता. ग्रूपवर मीम्सचा पाऊस पडला. मुलुंडकर म्हणाला, मानेला रेड कार्ड द्यायला नको होतं, रेफरीने मॅच मारली. त्यावर इंग्लंडमधले युनायटेडवाले लिव्हरपूलला जे म्हणतात तेच मी लिहिलं: तुम्ही नेहमीचे बिचारे, चूक कधीच तुमची नसते. आणि खाली हिल्सबरोवरचा एक विनोद टाकला. तो इथे लिहीत नाही. त्यात कुंपणाला चिकटलेल्या माणसांचा फोटो होता, आणि तिकीट न काढता ढकलाढकली केली की असंच होतं, अशा अर्थाची ओळ होती.

सतरा जणांनी हसऱ्या तोंडाने उत्तर दिलं. मुलुंडकराने विमानाची एक इमोजी पाठवली. ६ फेब्रुवारी १९५८ला म्युनिकच्या विमानतळावर युनायटेडच्या टीमचं विमान कोसळलं, २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू होते. ती इमोजी त्याबद्दल होती. म्हणजे हिशेब बरोबर झाला, असं मला वाटलं. मी ग्रूपचं नाव बदललं आणि जेवायला बसलो.

तीन आठवडेही झाले नाहीत. २९ सप्टेंबर, शुक्रवार, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. बाहेर जोराचा पाऊस होता म्हणून माणसं पुलावरच थांबली होती, आणि खालून लोकलमागून लोकल येत होत्या. दसऱ्याच्या फुलांची गर्दी होती. कोणीतरी 'फूल गिर गया' म्हणालं आणि ते 'पूल गिर गया' असं ऐकू गेलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. २३ माणसं गेली.

काका मुलुंडहून परळला उतरायचे आणि त्याच पुलावरून ऑफिसला जायचे.

दुपारी ग्रूपवर मुलुंडकराचा मेसेज आला: 'बाबा केईएममध्ये. जिवंत आहेत.' त्याच्या वर, थोडं स्क्रोल केलं तर, माझा तो फोटो होता. मी खरंच स्क्रोल केलं. का केलं, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी केईएममध्ये गेलो. काकांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "चहा घेतलास का?" मग हळूहळू, थांबत थांबत बोलले. ते जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर होते. पाय जमिनीला लागतच नव्हते, म्हणाले. "पळापळ नव्हती रे. लोकांना वाटतं माणसं पळतात आणि तुडवली जातात. आम्ही तर उभेच होतो. श्वास घ्यायला छाती फुगवावी लागते, हे मला साठाव्या वर्षी कळलं. छाती फुगवायला जागाच नव्हती."

त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्यांच्या खांद्यावर होता. बराच वेळ होता. ते त्याच्याबद्दल पुढे काही बोलले नाहीत.

मुलुंडकर खिडकीशी उभा होता. तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. मीही बोललो नाही. खाली येऊन वडाळ्याच्या बाजूला कितीतरी वेळ चालत राहिलो.

त्या रात्री मी पहिल्यांदा हिल्सबरोबद्दल वाचलं. १५ एप्रिल १९८९, शेफिल्ड शहर, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहम फॉरेस्ट. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी एक मोठं फाटक उघडायला लावलं. आत शिरणारी माणसं समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ मधल्या पिंजऱ्यांत गेली, जे आधीच भरलेले होते. बाजूच्या पिंजऱ्यांत जागा होती, पण तिकडे कोणी वळवलं नाही. पुढे लोखंडी कुंपण. मॅच सुरू झाल्यावर सहाच मिनिटांत थांबवली, तोवर उशीर झाला होता. बहुतेक माणसं उभ्या उभ्या, श्वास कोंडून गेली. मी वाचलं तेव्हा मृतांची संख्या ९६ होती. त्या दिवशी जायबंदी झालेला एक माणूस २०२१मध्ये वारल्यावर ती ९७ झाली.

आणि चार दिवसांनी एका मोठ्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं की चूक या लोकांचीच होती, ते दारू प्यायले होते. पोलिसांचे जबाब बदलले गेले. त्या माणसांच्या आयांनी, बापांनी, भावांनी सत्तावीस वर्षं भांडून २०१६च्या एप्रिलमध्ये ज्युरीकडून निकाल मिळवला की प्रेक्षकांची काही चूक नव्हती. मी २०१७ साली तो विनोद केला, तेव्हा हा निकाल लागून दीड वर्षही झालं नव्हतं. माझ्या विनोदातली ओळ त्या पहिल्या पानाचीच ओळ होती. मी ती कधी वाचली नव्हती; ती मला जर्सीसोबत मिळाली होती.

मी इंजिनिअर, त्यामुळे गणितही शोधलं. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागायला लागते. एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला जातो, आणि मधल्या माणसाला स्वतःचं असं काही करता येत नाही. सकाळी ८.५२च्या चर्चगेट फास्टमध्ये मी रोज जे अनुभवायचो, त्याच्या एक पायरी पुढचं हे. जगातल्या कोणत्या शहराला हिल्सबरो न सांगता कळायला हवं होतं, तर ते आमच्या शहराला.

आणखी एक गोष्ट त्या रात्री वाचली. हिल्सबरोनंतर आठवडाभराने लिव्हरपूल आणि एव्हर्टनच्या लोकांनी लाल आणि निळे मफलर एकमेकांना बांधत गुडिसनपासून ॲनफिल्डपर्यंत, स्टॅन्ली पार्क ओलांडून, एक रांग केली. एव्हर्टनवाले एकमेकांच्या घरांत राहतात. एकाच ताटात जेवणाऱ्यांतला एक लाल असतो, एक निळा. वर्षभर ते एकमेकांना शिव्या घालतात, कारण त्यांना माहीत असतं की गरज पडली तर मफलर बांधायला पलीकडचाच येणार आहे. आम्ही सात हजार किलोमीटरवरून फक्त शिव्या मागवल्या होत्या.

ऑक्टोबरच्या शेवटी व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय आली. फक्त सात मिनिटांच्या आतला पुसता यायचा.

मुलुंडकर आणि मी बोलत राहिलो, पण प्रोजेक्टबद्दल, प्लेसमेंटबद्दल. मॅच बघायला मी त्यांच्याकडे गेलो नाही. त्यानेही बोलावलं नाही. डिग्री झाली, दोघांना वेगवेगळ्या कंपन्यांत नोकऱ्या लागल्या. मग २०१९च्या मार्चमध्ये एक दिवस त्याचा मेसेज आला: 'शनिवारी अंधेरीला गोव्याची मॅच आहे. येतोस का?'

चार वर्षं त्या मैदानाच्या जवळ शिकून मी एकदाही तिथे गेलो नव्हतो. मुंबई सिटी आपली टीम आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. आझाद नगर मेट्रोला उतरलो, फिकट निळे टी-शर्ट घातलेली पोरं ढोल वाजवत चालली होती. आयएसएलची सेमीफायनल, पहिला लेग. मुंबईने आधी गोल केला आणि मग गोव्याने पाच. माझ्यापुढच्या रांगेत ऑर्लेमचं एक कुटुंब होतं: बाप गोव्याच्या केशरी जर्सीत, मुलगी मुंबईच्या निळ्यात. तिसऱ्या गोलला बाप उभा राहून नाचायला लागला, तशी मुलीने त्याच्या टोपीवर फटका मारला आणि म्हणाली, "डॅडी, घरी चला, मग बघते." पाचव्या गोलला ती रडत होती आणि तोच तिच्या पाठीवर हात फिरवत होता. शेजाऱ्यांचं वैर कसं दिसतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं.

परतताना मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर मी मुलुंडकराला म्हणालो, "त्या फोटोबद्दल... सॉरी." दीड वर्ष मनात लांबलचक मजकूर तयार होता, त्यातलं एवढंच बाहेर आलं.

तो रुळांकडे बघत म्हणाला, "केईएममध्ये बाबा माझ्याच फोनवरून सगळ्यांना कळवत होते. ग्रूप वर होता. मी आधी तुझा फोटो काढून टाकला, मग फोन त्यांना दिला." थोड्या वेळाने म्हणाला, "विमान मीही पाठवलं होतं. त्यातले तेवीस कोण होते, मलाही माहीत नव्हतं."

घाटकोपरची गाडी आली, आम्ही चढलो. मला अंधेरीलाच उतरायचं होतं. मी उतरलो नाही, त्याच्याबरोबर घाटकोपरपर्यंत गेलो आणि परत आलो.

त्यानंतर आम्ही नेमाने जायला लागलो. गंमत बघा, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई सिटीचा मोठा हिस्सा विकत घेतला तो मँचेस्टर सिटीच्या मालकांनी. युनायटेडचा मी, आणि माझ्या घराजवळची टीम मँचेस्टरच्या शेजाऱ्याच्या खिशात. मुलुंडकर आठवडाभर हसत होता. मी म्हटलं, ठीक आहे, भाड्याचं मैदान, बिअरवाला मालक, हे सगळं जुनंच आहे. पुढच्या मोसमात गोव्याचा कोच आणि त्याच्यामागून त्यांचे महत्त्वाचे खेळाडूही मुंबईत आले. त्यात २०१९च्या त्या मॅचमध्ये आमच्यावर गोल करणारा मुर्तादा फॉलही होता. गोव्यात त्यावरून केवढा संताप झाला! २०२१च्या मार्चमध्ये सेमीफायनलला पेनल्टीवर आम्ही गोव्यालाच हरवलं, आणि फायनलला मोहन बागानला. सगळं रिकाम्या मैदानांत, कोविडमुळे. इतका मोठा विजय आणि गर्दी नाही. तो आम्ही दोघांनी आपापल्या घरी, फोन चालू ठेवून पाहिला. त्याच्या बाजूने मागून काकांचा आवाज यायचा, "कोण हरतंय?"

२०२४च्या एप्रिलमध्ये पुन्हा गोवा, पुन्हा सेमीफायनल. फातोर्ड्यातल्या पहिल्या लेगला नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० पुढे होता, आणि मग सहा-सात मिनिटांत मुंबईने तीन गोल केले. मी तेव्हा लोकलमध्ये होतो. कांदिवलीला नेटवर्क गेलं, बोरिवलीला आलं, तर ३-२. डब्यात मी एकटाच ओरडलो आणि समोरच्या आजोबांनी विचारलं, "पास झालास का?"

दुसरा लेग २९ एप्रिलला अंधेरीला होता. मुलुंडकराने विचारलं, "बाबांना आणू का? ते म्हणतायत." २०१७नंतर काका गर्दीत गेले नव्हते. लवकर निवृत्ती घेतली होती. दादरला भाजी घ्यायलाही जायचे नाहीत.

मी म्हटलं, आण. मग मैदानाचा नकाशा शोधला, कुठल्या जिन्याजवळ कुठली दारं आहेत ते बघितलं, आणि दोन तास आधी जाऊन शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यातल्या तीन जागा धरल्या. काकांना निळा टी-शर्ट दिला होता, तो त्यांनी फुलशर्टवरून घातला. पहिल्या अर्ध्यात ते खेळापेक्षा जिन्याकडेच जास्त बघत होते. दुसऱ्या अर्ध्यात मुंबईने दोन गोल केले. दुसऱ्याला मात्र तेही उभे राहिले, एक हात बरगडीवर ठेवून. दोन्ही लेग मिळून ५-२. २०१९ला गोव्याने आम्हाला दोन लेग मिळून हरवलं होतं, तेव्हाही ५-२च होतं.

शिट्टी वाजली. खाली ढोल सुरू झाले. माणसं जिन्याकडे निघाली. मुलुंडकर उठला आणि काकांकडे बघून पुन्हा बसला. समोर कोपऱ्यात गोव्याची केशरी पोरं अजून गात होती, हरूनही. काकांनी विचारलं, "ते का थांबलेत?"

"आपण आधी बाहेर जायचं, मग त्यांना सोडतात," मी म्हटलं.

"मग आपण दोघंही थांबू," काका म्हणाले. पिशवीतून त्यांनी थर्मास काढला. तो आत कसा आणला, कोण जाणे. झाकणात थोडा चहा ओतून माझ्यापुढे केला. "घाई कशाला? गाड्या आहेत."

जिना रिकामा व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. आम्ही तोवर चहा पीत बसलो होतो.